तीन रकाने, एक खोली : अमेरिकेतल्या जुन्या इंग्रज वसाहतींचा अभ्यास करताना

मुलगा चौथीत गेला आणि त्याच्या दप्तरातून जेम्सटाउन, व्हर्जिनियातली जुनी इंग्रज वसाहत, आमच्या घरात आलं. आपल्याकडे चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो, तसा व्हर्जिनियात चौथीच्या मुलांना आपल्या राज्याचा इतिहास असतो. त्याच वर्षी मीही इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. कोल्हापूरला इतिहास घेऊन बी. ए. झाले होते, त्यामुळे अमेरिकेच्या इतिहासाचा पहिला पेपर जड जाणार नाही अशी माझी खात्री होती.

पहिल्याच चाचणीत प्रश्न आला : व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्स बे या दोन वसाहतींची राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था आणि धर्म यांची तुलना करा. मी मनातल्या मनात हसले. हे तर आपलं 'फरक स्पष्ट करा'! पट्टी घेतली, मधोमध रेघ मारली, डावीकडे व्हर्जिनिया, उजवीकडे मॅसॅच्युसेट्स. तंबाखू विरुद्ध मासेमारी, अँग्लिकन विरुद्ध प्युरिटन, बर्जेस सभा (व्हर्जिनियाची प्रतिनिधिसभा) विरुद्ध जनरल कोर्ट (नावात कोर्ट असलं तरी मॅसॅच्युसेट्सची कायदे करणारी सभा). सहा मुद्दे, सगळे बरोबर. निम्म्याहून कमी गुण मिळाले. खाली लाल शाईत एकच ओळ होती : "माहिती बरोबर आहे. पण त्यातून काय दिसतं?"

त्या ओळीचं उत्तर शोधण्यात माझं पुढचं वर्ष गेलं. नव्याने इकडे आलेली मुलं, त्यांचे आईबाबा, किंवा तिकडे भारतात बसून हा विषय वाचणारे विद्यार्थी यांच्यासाठी ते लिहून ठेवते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की राज्य, पैसा आणि धर्म हे तीन रकाने वेगवेगळे भरायचेच नाहीत. एका रकान्यातली गोष्ट दुसऱ्या रकान्यात काय घडवते, हे सांगायचं.

हे मला ज्या प्रसंगातून उमगलं तो आधी सांगते.

३० जुलै १६१९. जेम्सटाउनची वसाहत तेव्हा बारा वर्षांची होती. १६०७ च्या मे महिन्यात १०४ पुरुष आणि मुलगे तिथे उतरले होते. १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीने असा कहर केला, की सुमारे ५०० माणसांतली जेमतेम ६० वसंत ऋतूपर्यंत जगली. वसाहत लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीची होती. भागधारकांना नफा हवा होता आणि सोनं काही सापडत नव्हतं. मग जॉन रॉल्फ याने १६१२ च्या सुमारास वेस्ट इंडिजकडचं गोड तंबाखूचं बी लावून पाहिलं आणि ते लागलं. आता इंग्लंडहून माणसं यायला हवी होती, टिकायला हवी होती. म्हणून कंपनीने दोन गोष्टी केल्या. जो स्वतःचा प्रवासखर्च भरेल त्याला, आणि जितक्या माणसांचा खर्च भरेल तितक्या प्रत्येकामागे, ५० एकर जमीन. दुसरी गोष्ट म्हणजे वसाहतीचे कायदे करण्यात लोकांच्या प्रतिनिधींना वाटा. ११ वस्त्यांमधून प्रत्येकी दोन असे २२ प्रतिनिधी निवडले गेले, आणि गव्हर्नर जॉर्ज यिअर्डली व त्यांच्या सल्लागारांबरोबर ते एकत्र बसले.

कुठे बसले? जेम्सटाउनच्या लाकडी चर्चमध्ये. दुसरी मोठी जागाच नव्हती. सुरुवात पाद्र्याच्या प्रार्थनेने झाली. मग त्यांनी तंबाखूचा भाव ठरवला : उत्तम मालाला पौंडामागे तीन शिलिंग. प्रत्येकाने रविवारी चर्चमध्ये आलंच पाहिजे, असा नियम केला. आणि सभेचे अध्यक्ष, कारकून वगैरेंच्या मेहनतान्यासाठी सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषावर कर बसवला. तो कर एक पौंड तंबाखूचा होता.

आता सांगा, हा प्रसंग कोणत्या रकान्यात लिहायचा? राज्यव्यवस्थेत? सभा चर्चमध्ये भरली आहे. धर्मात? चर्चमध्ये तंबाखूचा भाव ठरतो आहे. अर्थव्यवस्थेत? तंबाखू हा इथे कर आहे, पगार आहे, चलन आहे. एका खोलीत तिन्ही रकाने खांद्याला खांदा लावून बसलेले आहेत. आणि त्याच ऑगस्टच्या अखेरीस 'व्हाइट लायन' नावाचं जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पॉइंट कम्फर्टला लागलं. त्यावर वीसहून थोडे जास्त आफ्रिकी लोक होते, पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावरून लुटून आणलेले. अन्नधान्याच्या बदल्यात त्यांना इथे विकलं गेलं. लोकप्रतिनिधींची सभा आणि माणसांची विक्री यांत महिन्याभराचंसुद्धा अंतर नाही. मी हा भाग वाचला त्या रात्री पुस्तक मिटून बराच वेळ स्वयंपाकघरातच बसून राहिले होते.

तंबाखूच्या बाबतीत मला एक आधार होता. माझं आजोळ निपाणीजवळचं. मामाच्या शेतात तंबाखू असायचा. शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे, पानापानाकडे बघायचं. बोटं काळी आणि चिकट होतात, साबणाने निघत नाहीत. या पिकाला बाराही महिने माणसाचा हात लागतो, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. व्हर्जिनियाच्या इतिहासातली अर्धी गोष्ट या एका वाक्यात आहे. पीक हात मागतं. सुरुवातीला ते हात इंग्लंडहून आलेल्या करारबद्ध नोकरांचे होते, चार ते सात वर्षं राबून मग मोकळे होणारे. सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी ती जागा आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी घेतली.

तंबाखू जमीनही लवकर खातो. तीनचार वर्षांत रान दमतं, नवं रान लागतं. म्हणून व्हर्जिनियात शेतं नद्यांच्या काठाने लांबलांब पसरली. इंग्लंडचं जहाज थेट मळ्याच्या धक्क्याला लागायचं, त्यामुळे बाजाराच्या गावाची गरज कमी. गाव नाही म्हणून गावची सभा नाही. कारभार चालला तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, न्यायालयातून, आणि तिथे बसणारे बडे मळेवाले. चर्च सरकारमान्य, चर्च ऑफ इंग्लंडचं, पण पॅरिश, म्हणजे एका चर्चचा इलाखा, इतकी पसरलेली की पाद्री पोचता पोचत नसे. बिशप तर संपूर्ण वसाहतकाळात अमेरिकेत नव्हताच. पाद्री व्हायची दीक्षा घ्यायला समुद्र ओलांडून इंग्लंडला जावं लागे. मग चर्चचा कारभार कोण बघणार? पॅरिशचं पंचमंडळ, म्हणजे पुन्हा तेच मळेवाले. १६९६ च्या कायद्याने पाद्र्याचा वर्षाचा पगार ठरला : १६,००० पौंड तंबाखू.

बघा, मी इथे अर्थव्यवस्थेपासून सुरुवात केली आणि न थांबता राज्य व धर्मापर्यंत आले. परीक्षकाला हेच वाचायचं असतं.

व्हर्जिनियाच्या कायद्यांत या गाठी कधीकधी अंगावर काटा येईल इतक्या स्पष्ट दिसतात. १६६२ चा कायदा सांगतो की मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. इंग्लंडच्या रिवाजात वारसा बापाकडून येई. इथे तो उलटवला, म्हणजे मालकापासून गुलाम स्त्रीला झालेलं मूलही मालकाची मालमत्ताच राहिली. १६६७ चा कायदा सांगतो की बाप्तिस्मा घेतल्याने गुलाम मुक्त होत नाही. ख्रिस्ती माणसाला गुलाम ठेवावं का, ही शंका काहींच्या मनात होती. सभेने ती कायद्याने मिटवली. धर्माच्या रकान्यातला प्रश्न राज्याने सोडवला, पैशासाठी. मी हे दोन कायदे जवळजवळ प्रत्येक उत्तरात वापरले आहेत. तुम्हीही वापरा, पण ते कोणावर लागू झाले ते विसरून नका वापरू.

आता मॅसॅच्युसेट्स. इथे नवख्याची पहिली चूक ठरलेली, ती मीही केली. १६२० मध्ये 'मेफ्लॉवर'वरून प्लिमथला आले ते पिल्ग्रिम, आणि १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप यांच्याबरोबर बोस्टनच्या बाजूला आले ते प्युरिटन; हे दोन वेगळे गट. पहिल्यांनी चर्च ऑफ इंग्लंडशी संबंधच तोडला होता आणि आधी हॉलंडमध्ये लायडनला राहून पाहिलं होतं. दुसऱ्यांना ते चर्च आतून शुद्ध करायचं होतं. प्लिमथचे १०२ प्रवासी, त्यांतले निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. ती वसाहत लहानच राहिली आणि १६९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये विलीन झाली. मुलं शाळेतून थँक्सगिव्हिंगची टोपी घालून येतात ती प्लिमथची. प्रश्नपत्रिकेतली बलाढ्य वसाहत मात्र बहुधा दुसरी असते.

दुसरी चूक अधिक मोठी. मी लिहिलं होतं, "प्युरिटन लोक धार्मिक स्वातंत्र्यासाठी अमेरिकेत आले." समासात प्रश्न आला : कोणाच्या स्वातंत्र्यासाठी? स्वतःच्या. दुसऱ्याला ते देण्याचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. पाद्री रॉजर विल्यम्स यांना १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा झाली. अ‍ॅन हचिन्सन घरी बायकांना जमवून प्रवचनांवर चर्चा करत, पाद्र्यांच्या शिकवणीवर बोट ठेवत. त्यांच्यावर खटला भरून त्यांना घालवून दिलं. १६५९ ते १६६१ या काळात बोस्टनमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या चार जणांना फाशी दिली, त्यांत मेरी डायर ही बाई होती. तिला एकदा फाशीच्या दोरापासून परत फिरवलं होतं. ती स्वतःहून परत आली, आणि १ जून १६६० रोजी तिला फासावर चढवलं.

पण मग "तिथे पाद्र्यांचं राज्य होतं" असंही लिहू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये पाद्र्याला सरकारी पद घेता येत नसे. गंमत अशी की मत मात्र १६३१ पासून चर्चच्या सभासदालाच, आणि सभासद व्हायचं तर मंडळीसमोर उभं राहून देवाची कृपा आपल्याला कशी लाभली याची कहाणी सांगायची, ती मंडळीला पटली पाहिजे. म्हणजे पाद्री खुर्चीत नाही, पण खुर्चीकडे जाणारं दार चर्चमधून. हा बारकावा उत्तरात आला की वाचणारा थांबतो.

आणि इथे सुरुवात अर्थव्यवस्थेपासून केली तर गाडी अडते. जमीन दगडाळ, हिवाळा लांब, विकण्याजोगं मोठं पीक नाही. इथे धर्मापासून सुरुवात करा. माणसं सुटी आली नाहीत, कुटुंबंच्या कुटुंबं आणि मंडळ्या आल्या. जमीन एकेका माणसाला न देता गावाला दिली गेली, गावाने ती घरांना वाटली. मध्ये सभागृह : रविवारी तिथे उपासना, इतर दिवशी गावची सभा. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचलं पाहिजे, म्हणून १६४७ चा कायदा : ५० घरांच्या गावाने लिहायवाचायला शिकवणारा नेमावा, १०० घरांच्या गावाने व्याकरणशाळा काढावी. हार्वर्ड तर १६३६ मध्येच स्थापन झालं. धर्मातून शाळा, धर्मातून गाव, गावातून सभा. १६३४ पासून गावांचे प्रतिनिधी जनरल कोर्टात बसू लागले. त्या कोर्टाची दोन सभागृहं १६४४ मध्ये वेगळी झाली त्यामागे एका हरवलेल्या डुकरिणीवरून एक गरीब बाई आणि एक श्रीमंत व्यापारी यांच्यात चाललेला खटला होता. प्रतिनिधी बाईच्या बाजूचे, वरचे अधिकारी व्यापाऱ्याच्या. मला तो खटला फार आवडतो. सामान्य माणसाच्या गोठ्यातून संसदेची रचना बदलते.

पोट भरलं ते समुद्राने. कॉड मासा, लाकूड, जहाजबांधणी. बोस्टनच्या विधानगृहात प्रतिनिधींच्या सभागृहात आजही लाकडाचा एक मोठा कॉड टांगलेला आहे. पण हा मासा कोण खात होतं? चांगल्या प्रतीचा युरोपात जाई, हलका माल वेस्ट इंडिजच्या साखर बेटांवर, तिथल्या गुलामांच्या ताटात. तिथून काकवी येई, तिची इकडे रम होई. शिवाय १६४१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या कायदेसंग्रहात युद्धकैद्यांना आणि विकत आणलेल्या परक्यांना गुलाम ठेवायला मुभा होती. "दक्षिणेत गुलामगिरी, उत्तरेत स्वातंत्र्य" अशी सरळ रेघ सतराव्या शतकात ओढता येत नाही. रोड आयलंड बघा. रॉजर विल्यम्स यांनी उभी केलेली वसाहत, राज्य आणि चर्च वेगळी ठेवणारी, ज्यूंना आणि क्वेकरांना जागा देणारी. त्याच रोड आयलंडचं न्यूपोर्ट पुढे अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींतून गुलामव्यापाराला जहाजं पाठवणारं सर्वांत मोठं बंदर झालं. धर्माच्या रकान्यात उजेड आणि शेजारच्या रकान्यात अंधार, एकाच वसाहतीत. तुलना करताना अशा जागा शोधा.

सनदांबद्दल आता सांगते, कारण माझ्यासाठी कुलूप तिथे उघडलं.

इंग्रजीतला 'चार्टर' हा शब्द मी आधी 'करार' असा समजत होते. मग एके दिवशी लक्षात आलं, ही तर सनद! छत्रपतींनी, पेशव्यांनी द्यावी तशी. राजा लिहून देतो की अमुक मुलूख अमुक अटींवर अमुकाकडे. एवढं कळलं की वसाहतींचे तीन प्रकार आपोआप डोक्यात बसतात. सनद कंपनीला दिली असेल तर भागधारकांचा कारभार : सुरुवातीची व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स बे. एखाद्या व्यक्तीला किंवा काही जणांना दिली असेल तर जवळपास जहागीरच : मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया, कॅरोलायना. राजाने परत घेतली की राजाची वसाहत : १६२४ नंतरची व्हर्जिनिया.

सनदांत राजाला द्यायचा नजराणाही लिहिलेला असतो आणि तो वाचण्यासारखा आहे. मेरीलँड १६३२ मध्ये सेसिल कॅल्व्हर्ट, लॉर्ड बॉल्टिमोर, यांना मिळाली. त्यांनी दरवर्षी विंडसरच्या किल्ल्यावर तिथल्या मूळ रहिवाशांचे दोन बाण पोचवायचे. विल्यम पेन यांच्या वडिलांचं १६,००० पौंडांचं देणं राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे थकलं होतं. त्यापोटी १६८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया मिळाली, वर्षाला दोन बीव्हरच्या कातड्यांवर. दोन्हींत सोन्याचांदीचा पाचवा हिस्सा राजाचा.

आणि हे वाचताना मला मुंबई भेटली. व्हर्जिनियाची १६०६ ची सनद म्हणते की हा मुलूख केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनविचच्या जहागिरीच्या रिवाजाने धारण करायचा. म्हणजे राजाची लष्करी चाकरी नाही, ठरलेलं देणं तेवढं द्यायचं. मॅसॅच्युसेट्सच्या १६२९ च्या सनदेत तेच शब्द. आणि २७ मार्च १६६८ रोजी दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, त्या सनदेतही तेच ईस्ट ग्रीनविच! देणं : वर्षाला दहा पौंड रक्कम, सोन्यात. पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न करताना मुंबई त्याला आंदणाच्या बोलीत मिळाली होती, हे आपण शाळेत शिकतो. त्याच राजाने १६६२ मध्ये कनेक्टिकटला, १६६३ मध्ये रोड आयलंडला आणि कॅरोलायनाच्या आठ मालकांना सनदा दिल्या, १६६४ मध्ये डचांचा मुलूख आपल्या भावाच्या नावे केला, ते न्यूयॉर्क. एकाच राजवटीच्या या साऱ्या सनदा. ज्या इतिहासाला मी परका समजत होते, त्याच्या कागदांत माझ्या राज्याची राजधानी होती. त्या दिवसापासून हा विषय मला कधी परका वाटला नाही.

सनदेकडून एक प्रश्न मात्र उरतो : जी जमीन राजा देत होता, ती त्याची होती का? तिथे मूळ रहिवासी होते : व्हर्जिनियात पाव्हाटन लोकांची गावं होती, मॅसॅच्युसेट्सच्या बाजूला वाम्पानोआगांची, पेनसिल्व्हेनियात लेनापींची. हे विचारणारा त्या काळातही एक होता, रॉजर विल्यम्स. दुसऱ्याची जमीन राजा कशी देऊ शकतो, असं तो उघड म्हणाला, आणि त्याच्या हद्दपारीमागे हेही एक कारण होतं. तीन रकान्यांच्या तक्त्यात या लोकांना जागाच नसते. १६२२ च्या पाव्हाटनांच्या हल्ल्यात ३४७ वसाहतवाले मारले गेले, मूळ रहिवाशांशी झालेल्या १६७५-७६ च्या युद्धाने न्यू इंग्लंड, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या बाजूचा मुलूख, होरपळलं. ही युद्धं जमिनीवरून होती, आणि जमीन तर अर्थव्यवस्थेच्या रकान्यातली पहिली ओळ. मी माझ्या वहीत चौथा रकाना आखला.

आता अभ्यासाच्या काही सवयी सांगते, ज्या मला उशिरा लागल्या.

प्रत्येक विधानाला साल लावा. "मेरीलँड कॅथलिकांची" हे साल लावल्याशिवाय निरर्थक आहे. मालक कॅथलिक, कॅथलिकांना आसरा मिळावा हा हेतू, पण रहिवाशांत बहुसंख्य प्रॉटेस्टंट. म्हणून १६४९ चा सहिष्णुतेचा कायदा आला. तो कायदा शेवटपर्यंत वाचा. ट्रिनिटी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाला त्यात संरक्षण आहे, आणि ती नाकारणाऱ्याला मृत्युदंड. १७०२ पर्यंत त्याच मेरीलँडमध्ये चर्च ऑफ इंग्लंड हे सरकारी चर्च झालेलं होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १६९१ च्या नव्या सनदेने मतासाठी चर्चचं सभासदत्व जाऊन मालमत्तेची अट आली. जॉर्जियाच्या विश्वस्तांनी १७३५ मध्ये गुलामगिरीला बंदी केली, १७५१ मध्ये ती उठली. साल नसेल तर दोन खरी विधानं एकमेकांना खोटं पाडतात.

कागदच वाचा. येल विद्यापीठाच्या लॉ स्कूलने 'अ‍ॅव्हलॉन प्रोजेक्ट' या नावाने सनदा आणि कायदे इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. सतराव्या शतकातली इंग्रजी बघून घाबरू नका. तिचं स्पेलिंग इथल्या अमेरिकन मुलांनाही तेवढंच अनोळखी असतं. माझ्या वर्गात त्या एका तासाला मी कोणाच्याही मागे नव्हते. मोठ्याने वाचलं की अर्थ लागतो. तारखांत एक मेख आहे : इंग्लंडात तेव्हा जुनी कालगणना होती आणि नवं वर्ष २५ मार्चला लागे, त्यामुळे एकाच घटनेच्या दोन तारखा दिसतील. मेफ्लॉवरवरच्या प्रवाशांनी आपसात केलेला करारनामा कुठे ११ नोव्हेंबर, कुठे २१ नोव्हेंबर. दोन्ही बरोबर; उत्तरात एकच पद्धत धरा.

उत्तराच्या पहिल्या दोन वाक्यांत आपलं म्हणणं मांडा. आपल्याकडे प्रस्तावना, मुद्दे, समारोप असं शिकवतात आणि मत शेवटी येतं, आलं तर. इथे ते आधी हवं. माझं दुसऱ्या चाचणीतलं पहिलं वाक्य असं होतं : "व्हर्जिनियात पिकाने माणसं कशी वसतील ते ठरवलं आणि राज्य व चर्च त्या मागून आले; मॅसॅच्युसेट्समध्ये मंडळीने माणसं कशी वसतील ते ठरवलं आणि राज्य व बाजार त्या मागून आले." बाकी सगळं उत्तर या वाक्याचा पुरावा. हे तुमच्या उत्तरात जसंच्या तसं उतरवू नका, स्वतःचं शोधा. तुमची जोडी पेनसिल्व्हेनिया आणि कॅरोलायना असेल तर ते वाक्य मुळीच चालणार नाही.

पेनसिल्व्हेनियावर मी स्वतः जास्त रमले. पेन क्वेकर होते. क्वेकर तेव्हा शपथ घेत नसत, शस्त्र धरत नसत, पाद्री ठेवत नसत. अशा लोकांनी राज्य चालवायचं! पेन यांनी सर्व एकेश्वरवाद्यांना उपासनेची मोकळीक दिली, म्हणून जर्मन आले, पुढे अल्स्टरचे (आयर्लंडच्या उत्तर भागातले) स्कॉट आले, गव्हाची शेती फुलली, फिलाडेल्फिया पिठाच्या निर्यातीवर वाढलं. धर्मातल्या उदारपणाने शेतकरी आणले, शेतकऱ्यांनी बंदर मोठं केलं. १७०१ च्या सनदेने एकाच सभागृहाची सभा दिली. १६८८ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनच्या चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध अर्ज लिहिला. आपल्याला कोणी असं पळवून विकलं तर चालेल का, असं त्यांनी त्यात सरळ विचारलं. पेन यांच्याकडे मात्र स्वतःचे गुलाम होते. आणि १७५६ मध्ये, सीमेवर युद्ध पेटल्यावर, बऱ्याच क्वेकरांनी सभेतल्या जागा सोडल्या. बंदुकांना पैसे मंजूर करायचे की आपला धर्म सोडायचा, हा पेच त्यांना सुटला नाही.

अंतिम परीक्षेच्या आधी मी मुलाला घेऊन रिचमंडच्या उत्तरेला हॅनोव्हरच्या जुन्या कोर्टात गेले. १७५८ मध्ये दुष्काळाने तंबाखूचा भाव भडकला, तेव्हा पाद्र्यांचा तंबाखूचा पगार पौंडाला दोन पेन्स या दराने रोखीत द्यावा, असा कायदा व्हर्जिनियाच्या सभेने केला. बाजारात भाव त्याच्या कितीतरी वर होता. लंडनमध्ये राजाने तो कायदा रद्द केला. पाद्री जेम्स मॉरी यांनी फरकाच्या पैशांसाठी दावा लावला, आणि समोर उभा राहिला एक तरुण वकील, पॅट्रिक हेन्री. प्रजेच्या हिताचा कायदा रद्द करणारा राजा प्रजेच्या आज्ञापालनाचा हक्क गमावतो, असं तो भर कोर्टात म्हणाला. डिसेंबर १७६३ मध्ये ज्युरीने पाद्र्याला नुकसानभरपाई दिली : एक पेनी.

मुलाने विचारलं, "आई, हा धडा धर्माचा, पैशाचा की सरकारचा?" मी त्याला त्याच्या वहीतला तक्ता उघडायला सांगितला. त्याने पेन्सिलीने तिन्ही रकान्यांवरून एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर लिहिलं, 'हॅनोव्हर, १७६३'. मग रेघेला सालाखालून एक बाण काढून तो मागे १६१९ पर्यंत नेला, चर्चमध्ये ठरलेल्या तीन शिलिंगांच्या भावापर्यंत.